नाव मराठी, गाव कोणते?

भारतीय परंपरेत नामकरण हा सोळा संस्कारांपैकी एक मानला गेला आहे. नाव ठेवणे ही केवळ हाक मारण्याची सोय नव्हे. येणारा जीव कोणत्या कुळाचा, कोणत्या परंपरेचा आणि समाजाची त्याच्याकडून अपेक्षा कोणती, याचा तो जाहीर उच्चार असतो. दिवेलागणीनंतर मराठी घरांत ज्यांचा अधिकाराने वावर असतो, त्या दूरचित्रवाणी वाहिन्यांच्या नावांकडे मात्र या दृष्टीने क्वचितच पाहिले जाते. वाहिनीचे नाव बदलले, बोधचिन्हाचा रंग बदलला, तर चार दिवस चर्चा होते आणि पाचव्या दिवशी प्रेक्षक त्याच मालिकेसमोर बसलेला असतो. वस्तुतः गेल्या पाच दशकांतील या नावांचा प्रवास हा मराठी समाजाच्या एका महत्त्वाच्या हक्काचा इतिहास आहे. आपल्या भाषेतील माध्यमात आपली माती, आपली माणसे आणि आपला आचार दिसण्याचा हा हक्क आहे.

पर्वतांची नावे

२ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरदर्शनचे मुंबई केंद्र सुरू झाले. पुढच्याच वर्षी सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे पुणे परिसरात चित्र पोहोचले. ज्या गडावर तानाजी मालुसरे यांनी देह ठेवला, त्याच गडाच्या उंचीचा आधार घेऊन मराठी दूरचित्रवाणीने मुंबईबाहेर पाऊल टाकले, हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे.

प्रारंभीच्या काळात केंद्राला स्वतंत्र 'ब्रँड' नव्हता आणि त्याची गरजही नव्हती. 'गजरा', 'प्रतिभा आणि प्रतिमा', 'ज्ञानदीप', 'कामगार विश्व', 'आमची माती, आमची माणसं' ही कार्यक्रमांची नावेच केंद्राची ओळख होती. चिं. वि. जोशी यांचा चिमणराव दिलीप प्रभावळकरांच्या रूपाने घराघरांत आला, तेव्हा तो कुठल्या वाहिनीवर आहे, असे विचारण्याचा प्रश्नच नव्हता. साधने तुटपुंजी होती, सजावट साधी होती, परंतु शेतकरी, कामगार, विद्यार्थी, गृहिणी आणि साहित्यरसिक यांतील प्रत्येकासाठी आठवड्यात एक हक्काची वेळ राखलेली होती. समाज हा ग्राहकांचा जमाव नसून विविध अंगांचा एक देह आहे, ही जाणीव त्या रचनेत होती.

१९८२ पासून दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाले. १९८७ मध्ये 'रामायण' आले आणि रविवारी सकाळी रस्ते ओस पडू लागले. काश्मीरपासून केरळपर्यंतचा समाज एकाच वेळी एकाच कथेसमोर हात जोडून बसतो, हा अनुभव राष्ट्रीय एकात्मतेच्या दृष्टीने मोलाचा होता. त्याच वेळी प्रादेशिक केंद्रांच्या वाट्याची सायंकाळची मोक्याची वेळ मात्र आक्रसली. उपग्रहाद्वारे भाषिक वाहिन्या सुरू झाल्या, तेव्हा मराठी वाहिनी आरंभी 'डीडी-१०' अशा निव्वळ क्रमांकाने ओळखली जात होती. २००० साली तिला 'सह्याद्री' हे नाव मिळाले.

नावांची ती योजना लक्षात घेण्याजोगी आहे. मराठीला सह्याद्री, गुजरातीला गिरनार, तेलुगूला सप्तगिरी, तमिळला पोदिगै. चारही पर्वतांची नावे. सह्याद्री म्हटले की हिंदवी स्वराज्य आठवते, गिरनार म्हटले की दत्तसंप्रदायी मराठी माणसाचेही हात जोडले जातात, सप्तगिरी म्हणजे वेंकटेशाच्या सात टेकड्या आणि पोदिगै म्हणजे अगस्त्य मुनींचे स्थान. एका शासकीय संस्थेने दिलेल्या या नावांत भारताचा सांस्कृतिक भूगोल सामावला होता. प्रदेशाची अस्मिता आणि राष्ट्राची एकात्मता यांत विरोध नाही, हे सांगायला वेगळ्या भाषणाची आवश्यकता उरली नव्हती. २०२४ च्या जानेवारीत 'डीडी पोदिगै'चे 'डीडी तमिळ' असे नव्याने नामकरण झाले. भाषेचे नाव थेट असले की प्रेक्षकाला ओळख पटणे सोपे जाते, हा त्यामागील व्यवहार समजण्यासारखा आहे. तरीही अगस्त्यांचा पर्वत पडद्यावरून नाहीसा झाला, याची रुखरुख राहते. 'सह्याद्री'च्या बाबतीत असा विचार कधी पुढे आलाच, तर महाराष्ट्राने वेळीच आपले मत नोंदवले पाहिजे.

आधी मालक, मग भाषा

खासगी वाहिन्यांच्या क्षेत्रात चित्र वेगळे आहे. १५ ऑगस्ट १९९९ रोजी 'अल्फा मराठी' सुरू झाली. मराठी मनोरंजनात नवे पर्व सुरू करणाऱ्या या वाहिनीच्या नावातील पहिला शब्द ग्रीक वर्णमालेतील होता! समूहाच्या बंगाली, पंजाबी व गुजराती वाहिन्यांनाही तोच उपसर्ग होता. २००५ मध्ये या साऱ्या वाहिन्यांची नावे समूहाच्या मूळ नावाशी जोडण्यात आली आणि 'अल्फा मराठी'ची 'झी मराठी' झाली. २००० साली हैदराबादच्या रामोजी समूहाची 'ईटीव्ही मराठी' आली. २०१५ मध्ये ती 'कलर्स मराठी' झाली आणि तिच्या कन्नड, बंगाली, गुजराती व ओडिया भगिनींनाही हेच नाव मिळाले. २००७ मध्ये सुरू झालेल्या 'स्टार माझा' या वृत्तवाहिनीचे २०१२ मध्ये 'एबीपी माझा' झाले. महाराष्ट्रातील बातम्या सांगणाऱ्या वाहिनीच्या नावात कोलकात्याच्या 'आनंदबाजार पत्रिके'ची आद्याक्षरे आली. २००८ मध्ये आलेल्या 'स्टार प्रवाह'चे नाव तेच राहिले, परंतु 'स्टार'ची मालकी मर्डोक यांच्या समूहाकडून २०१९ मध्ये डिस्नेकडे गेली आणि २०२४ मध्ये डिस्नेचा भारतातील व्यवसाय रिलायन्सच्या माध्यम व्यवसायाशी एकत्र झाला.

या साऱ्या नावांची घडण एकच आहे. आधी मालकाचे नाव, मग भाषेचे किंवा एखादा आपुलकीचा मराठी शब्द. मालक बदलला की पहिला शब्द बदलतो. 'माझा' राहतो, परंतु कोणाचा ते बदलते.

यामागे कुणाचे कारस्थान शोधण्याचे कारण नाही. व्यवहाराचे गणित सरळ आहे. अनेक भाषांत वाहिन्या चालवणाऱ्या समूहाला एकाच नावाने जाहिरातदारांपुढे जाणे सोयीचे असते. वाहिन्यांचे संच करून त्यांची विक्री होते, तेव्हा एका नावाची ओळख दुसऱ्या वाहिनीच्या कामी येते. बोधचिन्ह, संगीत, रंगसंगती एकदाच ठरवून सर्वत्र वापरता येते. खर्च वाचतो, धाक वाढतो. प्रश्न एवढाच आहे की, पाटी एक झाली म्हणून दुकानातला मालही एकसारखाच व्हावा काय?

मालक परका असला की आशय परका असतो, असेही नाही. 'ईटीव्ही मराठी'चे उदाहरण याबाबत बोलके आहे. तिचे मूळ 'ईनाडू' या तेलुगू दैनिकात होते. त्या शब्दाचा एक अर्थ 'आज' असा आहे, तर दुसरा 'ही भूमी' असा. या दैनिकाने आंध्रात जिल्हानिहाय पुरवण्यांचा पायंडा पाडला होता. जिल्ह्याची बातमी ही दुय्यम बातमी नव्हे, ही दृष्टी त्या समूहाने मराठीतही आणली. संच हैदराबादला होता, पण बातमी जिल्ह्याजिल्ह्यांतून येत होती. उलट पाटी मराठी, मालक मराठी जाणणारा आणि पडद्यावरचे जग मात्र मुंबईच्या उपनगराबाहेर पाऊल न टाकणारे, असेही मराठी प्रेक्षकाने पुष्कळ पाहिले आहे. म्हणून वाहिनीची परीक्षा नावावर थांबून चालत नाही. नावापुढे गाव विचारावे लागते.

कथा प्रवास करतात, पण रुजवाव्या लागतात

गेल्या काही वर्षांत लोकप्रिय ठरलेल्या अनेक मराठी मालिकांचे मूळ अन्य भारतीय भाषांत आहे. 'आई कुठे काय करते' ही बंगाली 'श्रीमोयी'वर, 'सहकुटुंब सहपरिवार' ही तमिळ 'पांडियन स्टोअर्स'वर, तर 'ठरलं तर मग' ही तमिळ 'रोजा'वर आधारलेली. यावरून मराठी प्रतिभा आटली, अशी ओरड अधूनमधून होते. ती घाईची आहे.

भारतीय कथा भाषांच्या सीमा ओलांडूनच मोठी झाली आहे. शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांना मामा वरेरकरांनी मराठीत आणले, तेव्हा मराठी वाचकाने त्यांना परके मानले नाही. वाल्मीकींची रामकथा एकनाथ महाराजांनी 'भावार्थ रामायणा'त मराठी केली आणि ती इथल्या ओव्यांत, कीर्तनांत, जात्यावर जाऊन बसली. एकच कथा अनेक प्रदेशांनी आपापल्या रूपात नांदवावी, ही भारताची एकात्मता साधण्याची प्राचीन रीत आहे.

या संदर्भात आकाशवाणीच्या पुणे केंद्राचे स्मरण आवश्यक ठरते. १९५३ मध्ये सुरू झालेल्या या प्रादेशिक केंद्रावर अवघ्या दोन वर्षांनी, १९५५ च्या रामनवमीला 'गीतरामायणा'ला आरंभ झाला. केंद्रावरील सीताकांत लाड यांचा पुढाकार, ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडके यांचे संगीत. वर्षभर दर आठवड्याला एक नवे गीत याप्रमाणे छप्पन्न गीते झाली. दिल्लीहून आलेली ती योजना नव्हती, कुण्या जाहिरातदाराची मागणीही नव्हती. एका प्रादेशिक केंद्राला थोडे स्वातंत्र्य आणि योग्य माणसे लाभली, एवढेच. सात दशके उलटली तरी ते अमृत आटलेले नाही आणि अन्य भारतीय भाषांनीही त्याची रूपांतरे करून घेतली. स्थानिक कार्यक्रम हा संकुचित कार्यक्रम असतो, या समजाला याहून चोख उत्तर नाही.

तेव्हा तक्रार कथा बाहेरून आणल्याची नाही, ती न रुजवल्याची आहे. पात्रांची आडनावे मराठी केली, स्वयंपाकघरात पुरणपोळी ठेवली आणि गणपतीचे दोन भाग केले की कथा मराठी होत नाही. मालिकेतील लग्नात 'संगीत' आणि 'मेहंदी'चा थाट आठवडाभर चालतो. केळवण, मुहूर्तमेढ, देवक, रुखवत यांना मात्र ओझरता स्पर्शही होत नाही. कुळाचार म्हणजे काय, कुलदैवताला का जायचे, वारीच्या दिवसांत घरात काय बदलते, हे त्या भव्य वाड्यांतील मंडळींना ठाऊक नसते. मुले पडद्यावर जे पाहतात, त्यालाच रीत समजतात. शहरातील अनेक घरांत आजी-आजोबा सोबत नाहीत. तेथे परंपरेचा परिचय करून देण्याचे काम, कुणी मागितले नसतानाही, या मालिकांकडे गेले आहे. खरी चिंता येथे आहे.

याच वाहिन्यांनी दुसरी वाटही चोखाळून दाखवली आहे, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. आरंभीच्या काळात 'आभाळमाया' आणि 'श्रीयुत गंगाधर टिपरे' या मालिकांनी मध्यमवर्गीय मराठी कुटुंब त्याच्या खऱ्या आकाराच्या घरात दाखवले. 'स्टार प्रवाह'ने २००८ मध्ये आपला आरंभच 'राजा शिवछत्रपती'ने केला. २०१६ नंतर तर प्रादेशिक बोलींचे एक छोटे पर्वच अवतरले. 'रात्रीस खेळ चाले'मधून सिंधुदुर्गातील घर आणि मालवणी बोली आली, 'तुझ्यात जीव रंगला'मधून कोल्हापूरची तालीम आली, 'लागिरं झालं जी'मधून सातारा जिल्ह्यातील सैन्यात जाण्याचे स्वप्न पाहणारा तरुण आला.

हे परिवर्तन आपोआप घडले नाही. पूर्वीची प्रेक्षकमापन पद्धती प्रामुख्याने शहरांतील घरे मोजत असे. २०१५ मध्ये 'बार्क' या संस्थेचे मापन सुरू झाले आणि त्याच वर्षी ग्रामीण घरांचीही गणना होऊ लागली. खेड्यातील प्रेक्षक आकड्यांत दिसू लागला आणि पाठोपाठ खेडे पडद्यावर दिसू लागले. जो मोजला जातो, तोच दाखवला जातो, असा हा बाजाराचा नियम आहे. त्यात मराठी समाजासाठी एक इशारा आहे आणि एक संधीही. वऱ्हाड, मराठवाडा, खानदेश, कोकण यांची मागणी ठामपणे व्यक्त झाली नाही, तर त्यांच्या वाट्याला विनोदी नोकराची बोली एवढेच स्थान उरेल.

वेल्सचा धडा

नाव आणि गाव यांचा हा प्रश्न केवळ भारतापुरता नाही. ब्रिटनमध्ये १९५५ साली व्यावसायिक दूरचित्रवाणी सुरू झाली, तेव्हा 'आयटीव्ही' ही एक कंपनी नव्हती. प्रत्येक प्रदेशासाठी वेगळी कंपनी, वेगळे नाव आणि वेगळे बोधचिन्ह अशी ती रचना होती. मँचेस्टरच्या 'ग्रॅनडा'ने उत्तर इंग्लंडमधील सामान्य वस्तीचे जीवन दाखवणारी 'कोरोनेशन स्ट्रीट' ही मालिका १९६० मध्ये सुरू केली आणि ती देशभर पाहिली गेली. पुढे कंपन्या एकमेकींत विलीन होत गेल्या. २००२ मध्ये इंग्लंडमधील ती सारी प्रादेशिक नावे एका नावाखाली दडली. प्रादेशिक बातमीपत्रे मात्र उरली, कारण ती परवान्याच्या अटींत लिहिलेली होती. सद्भावनेवर सोडलेले गेले, नियमात बांधलेले टिकले.

त्याच ब्रिटनमधील वेल्सची कहाणी निराळी आहे. वेल्श बोलणाऱ्यांची संख्या तेव्हा जेमतेम पाच लाख होती. त्यांच्यासाठी स्वतंत्र वाहिनी देण्याचे आश्वासन सरकारने मागे घेतले, तेव्हा १९८० मध्ये वेल्श नेते ग्विन्फोर इव्हान्स यांनी आमरण उपोषणाची घोषणा केली. लोकमताचा रेटा असा वाढला की, मार्गारेट थॅचर यांच्या सरकारला आपला निर्णय बदलावा लागला. १९८२ मध्ये वेल्श भाषेची वाहिनी सुरू झाली. पाच लाखांचा समाज आपल्या भाषेसाठी एवढा जागा होतो. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी ही ८ कोटी ३० लाखांहून अधिक लोकांची मातृभाषा आहे.

काय करता येईल?

मार्ग अशक्य नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच ध्वनिलहरी ही सार्वजनिक संपत्ती असल्याचा निर्वाळा दिला आहे. केंद्र सरकारच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी वाहिन्यांवर रोज तीस मिनिटे राष्ट्रीय महत्त्वाच्या व सामाजिक विषयांवरील कार्यक्रम दाखवण्याचे दायित्व घातले. त्या विषयांत कृषी व ग्रामविकास आहे, सांस्कृतिक वारशाचे व पर्यावरणाचे संरक्षण आहे, राष्ट्रीय एकात्मताही आहे. ही तीस मिनिटे मराठी वाहिन्यांवर खरोखर कोणत्या आशयाने भरली जातात, याचा पाठपुरावा करण्यास कुणाची मनाई नाही. चंद्रपूरच्या जंगलापासून देवगडच्या आंबा बागायतीपर्यंत विषयांना तोटा नाही. मंत्रालयाने या वेळेतील काही हिस्सा त्या भाषेच्या प्रदेशातील जिल्ह्यांसाठी राखण्याची सूचना केली, तर नियमाला मातीचा स्पर्श होईल.

दुसरी जबाबदारी प्रसारभारतीची. मुंबईसोबतच नागपूर आणि पुण्यालाही दूरदर्शनची केंद्रे आहेत. त्यांच्याकडे इमारती आहेत, अनुभव आहे, जुन्या ध्वनिचित्रफितींचे धन आहे. पुणे आकाशवाणीने कधीकाळी जे केले, त्यासाठी लागते ते निर्मितीचे स्वातंत्र्य, तरुण लेखक व दिग्दर्शक आणि थोडा धीर. 'सह्याद्री' हे नाव सार्थ करायचे असेल, तर त्या पर्वताच्या पूर्वेला पसरलेला महाराष्ट्रही तिच्या पडद्यावर तेवढ्याच अधिकाराने यायला हवा.

तिसरी जबाबदारी समाजाची आणि ती सर्वांत मोठी. जाहिरातदार प्रेक्षकांच्या मागे जातो, प्रेक्षक सवयीच्या मागे. ही सवय घरातच घडते. चांगली मालिका आली तर वाहिनीला दोन ओळींचे पत्र लिहिणे, उत्तम स्थानिक कार्यक्रमाची वस्तीत, मंडळात, वाचनालयात चर्चा करणे, विकृत चित्रण दिसले तर सभ्य परंतु स्पष्ट शब्दांत आक्षेप नोंदवणे, ही कामे कुणाच्याही आवाक्यातील आहेत. रागाने दूरचित्रवाणी संच बंद करणे सोपे असते. सातत्याने चांगल्याची मागणी करणे हे संघटित समाजाचे लक्षण आहे.

काळ थांबलेला नाही. मोबाइलवरील नव्या मंचांवर मालिका पाहणाऱ्यांसाठी वाहिनीचे नावही हळूहळू पुसट होत चालले आहे. तेथे मराठी हा अनेक भाषांच्या यादीतील एक पर्याय असतो, बोटाने निवडायचा किंवा वगळायचा. २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, याचा आनंद सार्थच आहे. परंतु अभिजातता ताम्रपटांत आणि ग्रंथांत सिद्ध होते, भाषेचे आयुष्य मात्र रोजच्या बोलण्यात आणि रोजच्या पाहण्यात ठरते. वाहिनीच्या नावातील 'मराठी' हा शब्द बाजाराने सोयीसाठी ठेवला आहे. त्या शब्दामागे गाव, कुळाचार, बोली आणि इतिहास उभा करायचा की नाही, हे बाजार ठरवणार नाही. ते मराठी घरांनीच ठरवायचे आहे.